आजारातून परतलेला वर्गमित्र

जून महिना उजाडला, की शाळा भरते. नव्या वर्गाचा नवा हजेरीपट उघडला जातो आणि एकामागून एक नावे पुकारली जातात. 'हजर', 'हजर' असे प्रतिसाद येत असतात. मध्येच एखाद्या नावापाशी वर्ग स्तब्ध होतो. मुले एकमेकांकडे पाहतात. मग कोणीतरी हळूच सांगते, "गुरुजी, तो मुंबईला आहे. त्याला मोठा आजार झालाय." गुरुजी त्या नावापुढे गैरहजेरीची खूण करतात व पुढचे नाव पुकारतात.

असे कित्येक महिने जातात. कधीकधी पुरते वर्षही जाते. मग एके दिवशी तो मुलगा वर्गाच्या दारात उभा राहतो. डोक्यावर टोपी, तोंडावर मुखपट्टी, चेहरा थोडा सुजलेला आणि पाय बारीक झालेले. वर्ग त्याच्याकडे पाहतो व तो वर्गाकडे पाहतो. त्या एका क्षणी आपण काय करतो, याविषयीच प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे.

कर्करोगावरील उपचार वैद्य करतात. ते काम तुमच्या-आमच्या आवाक्यातले नाही. परंतु उपचार संपल्यावर त्या मुलाला पुन्हा नित्याच्या जीवनात आणणे, हे काम कोणत्याही रुग्णालयाला एकट्याने साधणारे नाही. ते घराचे, गावाचे आणि सर्वांत अधिक शाळेचे काम होय. ते करावयाचे तर प्रथम या रोगाची थोडी ओळख करून घ्यावयास हवी.

रोग आणि त्याविषयीचे गैरसमज

आपले शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले आहे. पेशी वाढतात, दुभंगतात, जुन्या होऊन नाश पावतात व त्यांची जागा नव्या पेशी घेतात. या व्यवहाराला एक शिस्त असते. काही पेशींची ती शिस्त सुटली व त्या अनिर्बंध वाढू लागल्या, म्हणजे कर्करोग होतो. मुलांमध्ये सर्वांत अधिक आढळतो तो रक्ताचा कर्करोग. त्याखेरीज मेंदूच्या गाठी, लसिकाग्रंथींचा कर्करोग, हाडांचा, मूत्रपिंडाचा आणि अगदी लहान मुलांच्या डोळ्यांतील पडद्याचा कर्करोग हेही प्रकार आहेत.

हा रोग स्पर्शाने होत नाही. एका बाकावर बसल्याने, एका डब्यातले खाल्ल्याने, एकाच तांब्याने पाणी प्याल्याने किंवा हातात हात घालून चालल्याने तो एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. तसेच तो कोणाच्या पापाचे फळ नव्हे, कोणाची दृष्ट नव्हे आणि आईच्या हेळसांडीचा परिणामही नव्हे. मोठ्या माणसांच्या काही कर्करोगांचा संबंध तंबाखूशी आहे, हे निपाणीच्या परिसरात राहणाऱ्या आपणांस निराळे सांगावयास नको. परंतु मुलांचे बहुतेक कर्करोग राहणीच्या दोषांतून उद्भवत नाहीत. म्हणून "असे कसे झाले? काय खाल्ले होते? कुठे गेला होता?" असे प्रश्न विचारून त्या घराच्या दुःखात भर घालू नये.

असाध्य रोग साध्य कसा झाला

आपल्या आजोबांच्या बालपणी रक्ताचा कर्करोग झालेले मूल वाचत नसे. त्या काळची एक हकीकत जपानातील हिरोशिमा शहराची आहे. १९४५ साली त्या शहरावर अणुबाँब पडला, तेव्हा सादाको सासाकी ही मुलगी दोन वर्षांची होती. पुढे ती शाळेत जाऊ लागली व धावण्याच्या शर्यतीत चमकू लागली. १९५५ च्या फेब्रुवारीत रक्ताच्या कर्करोगामुळे तिला रुग्णालयात ठेवावे लागले. कागदाचे क्रौंच पक्षी घडीत ती तेथे दिवस काढीत असे. त्याच वर्षी २५ ऑक्टोबर रोजी, वयाच्या १२ व्या वर्षी, ती वारली. तिच्या वर्गातील मुलांनी पैसे जमविण्यासाठी मोठी खटपट केली आणि १९५८ साली हिरोशिमाच्या उद्यानात मुलांचे शांतिस्मारक उभे राहिले. त्या वर्गमित्रांचे प्रेम खरे होते. परंतु त्या काळी आपल्या मैत्रिणीसाठी स्मारकापलीकडे ते काय करू शकणार होते?

याच सुमारास रोगावरील औषधांचा शोध मात्र सुरू झाला होता. अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. सिडनी फार्बर यांनी १९४८ साली रक्ताच्या कर्करोगाच्या १६ मुलांवरील प्रयोगाची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी १० मुलांना तात्पुरता का होईना, उतार पडला होता. पुढे एकामागून एक औषधे निघाली. त्यांतील एकाचा उगम आपल्या परसात आहे. दारापुढे बारमाही फुलणारी सदाफुली तुम्ही नित्य पाहता. तिच्यातील द्रव्यापासून 'व्हिन्क्रिस्टीन' हे औषध मिळते आणि मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही वापरले जाते. (यावरून कोणी सदाफुलीची पाने खाऊ नयेत. ती विषारी असतात. त्या विषाचे औषध करावयास प्रयोगशाळा व वैद्यच लागतात.)

आज प्रगत देशांत मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचा जो सर्वांत सामान्य प्रकार आहे, त्यातून दहापैकी सुमारे नऊ मुले वाचतात. जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलामुलींना कर्करोग होतो. संपन्न देशांत त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात, तर अनेक गरीब देशांत ३० टक्केही होत नाहीत. ही तफावत कमी व्हावी म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली एक मोहीम हाती घेतली. २०३० पर्यंत जगातील किमान ६० टक्के मुले वाचावीत, हे तिचे उद्दिष्ट आहे.

आपल्या देशात या कामाचा पाया मुंबईत घातला गेला. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. पुढे त्यांच्या स्मृतीशी निगडित अशा प्रेरणेतून टाटा विश्वस्तनिधीने परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उभारले व २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झाले. आता कर्करोगाच्या उपचारांसाठी कोल्हापूर, मिरज व बेळगाव येथेही सोय झाली आहे. तरीही आपल्या भागातील कित्येक कुटुंबे मुलाला घेऊन कोल्हापूरहून रात्रीची गाडी धरतात व मुंबई गाठतात. रुग्णालयाचा दाखला असल्यास कर्करुग्णाला आणि त्याच्यासोबतच्या एका माणसाला रेल्वेभाड्यात सवलत मिळते, ही गोष्ट सर्वांस ठाऊक असावी.

रोग गेला, म्हणजे सारे संपले काय?

'श्वास' हा २००४ सालचा मराठी चित्रपट आपल्यापैकी अनेकांच्या घरी पाहिला गेला असेल. कोकणातला लहानगा परश्या, त्याच्या डोळ्यांतील कर्करोग आणि त्याला शहरात घेऊन आलेले त्याचे आजोबा. प्राण वाचवावयाचे तर दृष्टी गमवावी लागणार, असा तो प्रसंग आहे. शस्त्रक्रियेनंतर परश्या गावाकडे परततो व चित्रपट संपतो. आमच्या मते आपला विषय तेथूनच सुरू होतो. परश्या दुसऱ्या दिवशी शाळेत गेला असेल काय? त्याला कोणी बोट धरून नेले असेल? खेळात कोणी घेतले असेल काय?

वैद्यांच्याही मनात हे प्रश्न फार पूर्वी आले होते. अमेरिकेतील डॉ. जूलिओ डँजिओ यांनी १९७५ साली, मुलाचा रोग बरा करणे एवढेच पुरेसे नाही, असा विचार एका लेखात मांडला. टाटा स्मारक रुग्णालयात १९९१ साली डॉ. पूर्णा कुरकुरे यांच्या पुढाकाराने एक निराळा तपासणी-विभाग सुरू झाला. तो उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी आहे. रोग परतला नाही ना, एवढेच तेथे पाहत नाहीत. मूल वाढते आहे ना, त्याचे हृदय बळकट आहे ना, ते शाळेत जाते ना, त्याचे मन प्रसन्न आहे ना, हेही तेथे पाहिले जाते. अशाच बऱ्या झालेल्या मुलामुलींनी मोठेपणी एकत्र येऊन २००९ साली 'उगम' हा गट स्थापन केला. १९५१ पासून कार्य करणाऱ्या इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आश्रयाने तो चालतो. आज उपचार घेत असलेल्या मुलापुढे असा तरुण उभा राहतो व "मीही या खाटेवर होतो" असे सांगतो. त्या एका वाक्याने मुलाला जो धीर येतो, तो इतरांच्या दहा उपदेशांनी येत नाही.

केस का गळतात?

परतलेल्या मित्राकडे पाहून मुलांच्या मनात प्रथम जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरे त्यांना मिळाली पाहिजेत. उत्तर न मिळालेल्या प्रश्नातूनच भीती व चेष्टा जन्मास येतात.

कर्करोगाची पुष्कळशी औषधे वेगाने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. रोगट पेशी वेगाने वाढतात, म्हणून त्या मरतात. परंतु केसांच्या मुळाशी, तोंडाच्या आतल्या अस्तरात आणि हाडांतील मज्जेत असणाऱ्या निरोगी पेशीही वेगाने वाढणाऱ्याच असतात. त्यामुळे केस गळतात, तोंड येते व रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात. ही हानी बहुधा तात्पुरती असते. ती औषधे थांबली, की काही आठवड्यांत केस पुन्हा उगवू लागतात. चेहऱ्यावरची सूज बहुधा स्टिरॉइड औषधांमुळे येते व तीही पुढे ओसरते. सदाफुलीचे जे औषध आपण वर पाहिले, त्यामुळे हातापायांच्या नसा काही काळ दुर्बळ होतात. अशा वेळी मूल चालताना अडखळते, त्याला सदऱ्याची गुंडी लावता येत नाही, अक्षर वेडेवाकडे येते. हा आळस नव्हे व हलगर्जीही नव्हे.

काही परिणाम मात्र उशिरा दिसतात. काही औषधांनी हृदयाचे स्नायू अशक्त होऊ शकतात, तर काहींनी ऐकणे कमी होऊ शकते. मेंदूवर किरणोपचार झालेल्या मुलाला शिकलेले समजते, पण उत्तर देण्यास वेळ लागतो. फळ्यावरचे उतरून घेताना तो मागे पडतो. त्याच्या गुरुजींना हे ठाऊक नसेल, तर "पूर्वी हुशार होता, आता लक्ष देत नाही" असा शेरा प्रगतिपुस्तकात पडतो. अशा मुलास थोडा अधिक वेळ द्यावा, पुढच्या बाकावर बसवावे व मोठ्या प्रश्नाचे छोटे भाग करून द्यावेत. एवढ्याने फार फरक पडतो.

नाव कायम ठेवावे

मूल परतण्याची तयारी ते परतल्यावर करून भागत नाही. ते गेले, त्याच दिवशी ती सुरू व्हावयास हवी.

रक्ताच्या कर्करोगावरील उपचार सुमारे दोन ते तीन वर्षे चालतात. त्यांतील पहिले काही महिने फार कठीण असतात. पुढे घरी राहून गोळ्या घ्यावयाच्या असतात आणि त्या काळात वैद्यांच्या संमतीने पुष्कळ मुले शाळेत जाऊ शकतात. म्हणजे सारे उपचार संपेपर्यंत शाळा थांबवावी, असे नाही. बाहेरगावाहून आलेली मुले व त्यांचे आईबाप यांना उपचारकाळात विनामूल्य निवारा देण्याचे काम सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था मुंबईत २००६ पासून करीत आहे. मुंबईत उपचार घेणाऱ्या मुलांसाठी 'कॅनशाळा' नावाची शाळाही चालविली जाते. परंतु मुलाचे मन आपल्या गावच्या शाळेकडेच लागलेले असते.

नॉर्वे देशातील ओस्लो येथे २०१५ साली स्थापन झालेल्या एका संस्थेने एक लहानसा यंत्रमानव बनविला आहे. आजारी मुलाच्या जागी, वर्गात त्याच्या मेजावर तो ठेवतात. त्याच्या द्वारे मूल घरी राहून वर्ग पाहते, ऐकते व बोलते. असे यंत्र आपल्या गावी कोठून असणार, असे कोणी म्हणेल. परंतु २०२० सालच्या टाळेबंदीत आपल्या शिक्षकांनी भ्रमणध्वनीवरून धडे शिकविलेच होते. तेच साधन एका मुलासाठी पुन्हा वापरता येणार नाही काय? आणि तेही नसले तरी एक वही पुरे आहे. वर्गातील मुलांनी पाळीपाळीने, आठवड्यातून एकदा, झालेला अभ्यास त्या वहीत उतरावा. शेवटच्या पानावर शाळेची बातमी लिहावी: कबड्डीचा सामना कोणी जिंकला, मागच्या अंगणातील आंबा मोहरला की नाही, नवे गुरुजी कसे आहेत. खाटेवर पडलेल्या मुलाला गणिताइतकीच या शेवटच्या पानाची गरज असते.

कायदाही या मुलांच्या बाजूस आहे. २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्यानुसार ६ ते १४ वर्षांच्या ज्या मुलाचे प्राथमिक शिक्षण अर्धवट राहिले असेल, त्यास वयाला अनुरूप वर्गात घ्यावे लागते व इतरांच्या बरोबरीने यावे म्हणून विशेष शिकवणी मिळण्याचाही त्यास हक्क आहे. त्याच कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली आहे. नववी-दहावीच्या मुलांसाठी हजेरीचे व परीक्षेचे नियम निराळे असतात. म्हणून पालकांनी रुग्णालयाचे दाखले घेऊन वर्षाच्या आरंभीच मुख्याध्यापकांना भेटावे. परीक्षेच्या तोंडावर धावाधाव करू नये.

पहिला दिवस

परतण्यापूर्वी वर्गशिक्षकांनी एकदा त्या मुलाच्या घरी जावे. त्याच्या आईवडिलांना वैद्यांच्या सूचना विचाराव्यात आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुलाला विचारावे, "बाळ, वर्गाला काय सांगू? आणि काय सांगू नको?" आजार त्याचा आहे. तो कोणाला, किती सांगावयाचा, हे ठरविण्याचा पहिला अधिकार त्याचाच आहे. पाश्चात्त्य देशांत काही रुग्णालयांतील परिचारिका मूल परतण्यापूर्वी वर्गात जातात व त्याच्या सोबत्यांना सोप्या शब्दांत सारे समजावून सांगतात. आपल्याकडे हे काम विज्ञानाचे शिक्षक एका तासात करू शकतील.

मग विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही काय करावे? टोपी ओढू नये. टोपणनावे ठेवू नयेत. "तू मरणार होतास काय?" असे विचारू नये आणि "बिचारा" असेही म्हणू नये. पूर्वी त्याची जी जागा होती, ती मोकळी ठेवावी. "आलास? बरे झाले. ही घे वही," एवढे म्हटले तरी पुष्कळ झाले.

आमच्याकडून झालेली चूक

येथे एक कबुली द्यावयास हवी. पुष्कळ वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका शाळेत आम्ही शिकवीत असता, असाच एक मुलगा उपचारांनंतर परतला. आम्हांस त्याची फार दया आली. आम्ही त्याला प्रार्थनेच्या वेळी उभे राहण्यातून सूट दिली. गृहपाठ मागितला नाही. प्रश्न विचारला नाही. वर्गातील कामांच्या पाळीतून त्याचे नाव काढून टाकले. दोन आठवडे झाल्यावर तो मधल्या सुट्टीत आमच्यापाशी आला व खाली मान घालून म्हणाला, "गुरुजी, फळा पुसायची माझी पाळी कवा येणार?"

आम्ही निरुत्तर झालो. रोगाने त्याचे एक वर्ष नेले होते. आमच्या दयेने त्याचे वर्गातील स्थान नेले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही पाळ्यांचा तक्ता नव्याने लिहिला. फळा पुसावयास तो उठला, तेव्हा त्याचा हात वरपर्यंत पोचेना. त्याच्या मित्राने न सांगता वरचा भाग पुसला व खालचा त्याच्यासाठी सोडला. त्या दिवशी आमच्या विद्यार्थ्याने आम्हांस जे शिकविले, तेच या लेखात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे. मदत करावी ती काम हिरावून घेऊन नव्हे, तर काम त्याच्या आवाक्यात आणून.

सावधगिरी कोणती?

साधेपणाने वागवावे याचा अर्थ निष्काळजीपणे वागवावे असा नव्हे. काही गोष्टी शाळेने कटाक्षाने पाळल्या पाहिजेत.

उपचार चालू असलेल्या मुलाला ताप येणे ही गंभीर बाब आहे. अंगात १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप असेल, तर "संध्याकाळपर्यंत पाहू" असे म्हणू नये. तापाची गोळी देऊन वाटही पाहू नये. पालकांना तत्काळ कळवावे व मुलाला रुग्णालयात न्यावे. रक्तातील पांढऱ्या पेशी कमी असता साधा जंतुसंसर्गही काही तासांत प्राणावर बेततो.

वर्गात कोणाला गोवर अथवा कांजिण्या आल्या, तर त्याच दिवशी या मुलाच्या घरी निरोप धाडावा. वैद्यांना वेळेवर कळले, तर प्रतिबंधक उपाय करता येतो. उपचारांमुळे पूर्वीच्या लसींचा प्रभाव कमी झालेला असू शकतो. तेव्हा लस पुन्हा केव्हा टोचावयाची, हे त्या मुलाचे वैद्यच ठरवितात. इतर सर्व मुलांनी आपल्या लसी वेळेवर टोचून घेणे, ही मित्राची मोठीच सेवा होय.

पिण्याचे पाणी शुद्ध असावे, जेवण ताजे व झाकलेले असावे, सर्वांनी जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. या गोष्टी एका मुलासाठी सुरू झाल्या, तरी त्यांचा लाभ साऱ्या शाळेस होतो. खेळाच्या बाबतीत वैद्यांचा सल्ला लेखी घ्यावा. धावता येत नसेल, तर त्याला गुण मोजावयास द्यावे. लेझीम खेळता येत नसेल, तर हलगीच्या तालावर टाळी धरू द्यावी. पण मैदानावरून घरी पाठवू नये.

घरातील माणसांस दोन शब्द

पालकहो, मूल मृत्यूच्या दारातून परत आले, म्हणजे त्याला उंबऱ्याबाहेर सोडावयास जीव धजत नाही, हे आम्ही जाणतो. शिंक आली तरी काळजात धस्स होते. तथापि भीतीने कोंडून ठेवलेले मूल रोगातून सुटूनही बंदिवासातच राहते. वैद्यांनी मुभा दिली, की त्याला शाळेत पाठवा. आरंभी अर्धा दिवस पाठवा, मग पूर्ण दिवस. हट्ट पुरवावेत, पण सगळेच पुरवू नयेत. घरातील लहानसहान कामे त्याला सांगावीत. चुकल्यास पूर्वीप्रमाणेच समज द्यावी. आपल्यावर कोणी रागावत नाही, हे पाहूनही मूल मनातून घाबरते.

घरातील दुसऱ्या मुलांनाही विसरू नये. भाऊ अथवा बहीण आजारी असता ती मुले कित्येक महिने आजीजवळ नाही तर मामाच्या घरी राहिलेली असतात. त्यांनीही पुष्कळ सोसलेले असते, मात्र त्याची विचारपूस कोणी केलेली नसते. शिक्षकांनी त्यांच्याकडेही लक्ष द्यावे.

आणखी एक गोष्ट. उपचार संपताना रुग्णालयाकडून त्यांचा सारांश लिहून घ्यावा. कोणती औषधे दिली, एकूण किती मात्रा दिली, किरणोपचार कोठे व किती केले, कोणती शस्त्रक्रिया झाली, हे त्यात असावे. हा कागद जमिनीच्या उताऱ्याइतकाच जपून ठेवावा. मूल पंचवीस-तीस वर्षांचे झाल्यावरही तो उपयोगी पडतो. मूल ठणठणीत दिसले, तरी सांगितलेली तपासणी चुकवू नये. मुलीच्या बाबतीत "आता बरी झाली, वाच्यता नको" म्हणून तपासणी बंद करण्याकडे कल असतो. ही चूक फार महाग पडू शकते. लपविण्यासारखे येथे काही नाही.

काही वेळा रोग उलटतो, आणि काही मुले आपल्यातून जातात, हे सत्य आम्ही झाकून ठेवीत नाही. तरीही, जे मूल उद्या आपल्यात नसेल, त्यालाही आजचा दिवस वर्गात, मित्रांत घालविण्याचा हक्क आहे. किती दिवस उरले, याचा हिशेब करून मैत्री करावयाची नसते.

उपसंहार

आपले कोगनोळी हे सीमेवरचे, महामार्गावरचे गाव. दूधगंगेचा पूल ओलांडून दिवसरात्र वाहने जातात-येतात. त्यांतील एखाद्या गाडीतून एक आई आपल्या मुलाला मांडीवर घेऊन उपचारांसाठी जात असेल, आणि एखाद्या गाडीतून दुसरी आई बरे झालेल्या मुलाला घेऊन घरी परतत असेल. जाणाऱ्या मुलासाठी आपण शुभ चिंतितो. परत येणाऱ्या मुलासाठी मात्र चिंतनापलीकडे काही करता येण्यासारखे आहे. त्याचे नाव हजेरीपटावर कायम असावे, त्याच्या बाकावरची जागा मोकळी असावी, त्याच्या वहीची शेवटची पाने भरलेली असावीत, आणि फळा पुसण्याच्या तक्त्यात त्याची पाळी लिहिलेली असावी.

मग पुढच्या जूनमध्ये ते नाव पुकारले जाईल, तेव्हा वर्ग स्तब्ध होणार नाही. इतर नावांसारखेच ते एक नाव असेल, आणि इतरांसारखाच प्रतिसाद येईल: "हजर!"